बटन मशरूमला जीए मारून पाहिलं: सात महिन्यांचा हिशेब

आधी निकाल सांगतो, घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. पाचपैकी दोन तारे. त्यातला एक दाजींच्या शब्दाखातर.

रबाळ्याला माझा छोटा गाळा आहे. एसी रूम, लोखंडी रॅक, दहा-दहा किलो तयार कंपोस्टच्या बॅगा. माल ऐरोली-घणसोलीच्या भाजीवाल्यांकडे जातो, उरला तर वाशी मार्केटला. दाजींची निफाडला द्राक्षबाग. तिकडे मणी लांबवायला जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड हे वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक, सर्रास वापरतात. दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, "अरे, मणी फुगतात, मग तुझी बटनं का नाही फुगणार?" आणि जाताना पुड्या ठेवून गेले.

गंमत अशी की हे संप्रेरक सापडलं तेच बुरशीत. जपानमध्ये एका रोगाने भाताची रोपं उंच, लुकडी होऊन आडवी पडायची. ही करामत बुरशीने सोडलेल्या द्रव्याची आहे, हे शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. म्हटलं, मशरूमही बुरशीच, बुरशीचं औषध बुरशीला चालणारच. पण त्या द्रव्याने लांबलं होतं ते भात, बुरशी नव्हे. एवढी साधी गोष्ट तेव्हा डोक्यात आली नाही.

आता कृती. जीए पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये घोळवावं लागतं. एक ग्रॅमचं एक लिटर द्रावण केलं की ते झालं १००० पीपीएम (दहा लाखात हजार भाग). त्यातलं २० मिलि दोन लिटर पाण्यात टाकलं की १० पीपीएम. मी पिन (टाचणीच्या डोक्याएवढे कोंब) निघायच्या आधी केसिंगवर (कंपोस्टवर पसरलेल्या थरावर) एकदा आणि पहिला फ्लश (एका वेळी येणारं पीक) काढल्यावर पुन्हा एकदा फवारलं. द्रावण साठवून ठेवू नका, पाण्यात त्याचा जोर हळूहळू उतरतो.

पहिल्या लॉटला वीस बॅगांना मारलं, वीस तशाच ठेवल्या. मारलेल्या बॅगांत पिन दोन दिवस आधी दिसल्या, पहिला फ्लशही भरघोस. मी हवेत! दाजींना फोन, बायकोला पेढे. मग रोजची वही चाळताना लक्षात आलं, फवारणीच्या दिवशी बाकीच्या वीस बॅगांना मी पाणीच कमी दिलं होतं. बटनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मी जीएचा नाही, पाण्याचा प्रयोग केला होता. शिवाय मारलेल्या बॅगा एसीजवळच्या रॅकवर होत्या.

दुसऱ्या लॉटला शहाणा झालो. बॅगा सरमिसळ लावल्या, न मारलेल्यांना तेवढंच पाणी आणि तेवढंच स्पिरिट दिलं. फरक गेला. पिन एखादा दिवस आधी आल्या असतील, पण शपथेवर सांगणार नाही. वजनात दोन शेजारच्या बॅगांत एरवीही जेवढं कमी-जास्त असतं, तेवढंच.

तिसरा लॉट मे महिन्यातला. घाईत २० ऐवजी २०० मिलि ओतलं, म्हणजे सरळ ९० पीपीएमच्या वर. चार दिवसांनी बटनांचे देठ लांबट, टोप्या बारीक. दाजी फोनवर खूश, "बघ, लांबलं की नाही!" पण न मारलेल्या बॅगांतही तेच. शोधलं तर एक्झॉस्टचा पट्टा तुटलेला. पंखा नुसता आवाज करत होता, हवा बाहेर जातच नव्हती. कार्बन डायऑक्साइड साचला की बटन असंच मान वर काढतं. पट्टा बदलला, पुढचा फ्लश गोल, घट्ट आला. जास्त डोसचा परिणाम काय झाला, हे त्या गोंधळात कळायची सोयच राहिली नाही.

आणखी एक खटकलं. पुडीवर पिकांची नावं होती, त्यात अळिंबी नव्हती. खाण्याच्या मालावर लेबलाबाहेरचं काही मारायचं आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर मान खाली घालायची, हे मला जमत नाही. एका भाजीवाल्या मावशींनी विचारलंच, "भाऊ, औषध मारता का हो यावर?" त्या दिवसापासून फवारणी बंद.

नव्या मंडळींनी पैसे खर्च करायचेच असतील तर आर्द्रतामापक आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. पिनच्या वेळी तापमान १४ ते १८ अंश, आर्द्रता ८५ ते ९० टक्के आणि हवा खेळती. यात चूक झाली तर कुठलीच पुडी वाचवत नाही.

उरलेल्या चार पुड्या दाजी परत घेऊन गेले. मी एक्झॉस्टचे दोन जादा पट्टे आणून रॅकच्या खिळ्याला टांगून ठेवलेत.