अर्धा दिवस की दिवसाआड? नैराश्याच्या रजेनंतर कामावर परतताना

नैराश्यामुळे घेतलेल्या लांब रजेनंतर एकदम पूर्ण वेळ रुजू होऊ नये, कामाचा भार हळूहळू वाढवावा, हे आता बहुतेक डॉक्टर सांगतात आणि बऱ्याच कचेऱ्यांतील वरिष्ठांनाही ते पटू लागले आहे. अडते ते त्यापुढच्या प्रश्नावर. रोज येऊन जेवणाच्या सुट्टीला घरी जावे, की सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस पण पूर्ण वेळ यावे? पणजीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात मी काम करतो. साडेतीन महिन्यांच्या रजेनंतर मी पहिली पद्धत तीन आठवडे आणि दुसरी पाच आठवडे अनुभवली. पुढे आमच्याच विभागातील एका सहकारी बाईंच्या परतण्याची व्यवस्था लावण्याचे कामही माझ्याकडे आले. दोन माणसांवरून नियम बांधता येत नाही, याची मला जाणीव आहे.

सहा दिवसांच्या आठवड्यात दोन्हीकडे रजा सारखीच खर्ची पडते : सहा अर्धे दिवस किंवा तीन पूर्ण. मात्र ज्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू आहे त्यांनी एक बाब पाहून घ्यावी. तिथला आजारपणाचा लाभ वेतनाच्या सुमारे ७० टक्के आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो, पण ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचा तो मिळत नाही, आणि अर्धा दिवस केले तरी ते कामच ठरते. दिवसाआड सुट्टीची प्रमाणपत्रे मिळतील का, हे तिथल्या डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे.

अर्ध्या दिवसाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि माझ्या डॉक्टरांचा कलही तिकडेच होता. रोज ठरलेल्या वेळी उठणे, आंघोळ करणे, फोंड्याहून पणजीची बस पकडणे, हा क्रम मोडला की तो पुन्हा बसवायला किती कष्ट पडतात हे आजारातून गेलेल्याला सांगायला नको. गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून नैराश्यावरील एका समुपदेशन पद्धतीचा अभ्यास केला होता आणि तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीचा गाभा हाच आहे की मन लागेल तेव्हा करू असे न म्हणता ठरलेली छोटी कृती आधी करावी, मन मागाहून येते. रोजची अर्धी हजेरी या विचाराशी अधिक जुळते, हे मान्य करायला हवे.

मला तिथे जमले नाही ते केवळ निघण्याच्या वेळेमुळे. कागदावर माझी सुटका दीड वाजता होती. सव्वा वाजता मी एखाद्या पुरवठादाराच्या खात्याचा मेळ घालत असे, आणि तो अर्ध्यावर टाकून उठणे म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करणे. तेवढ्यात कोणीतरी ‘एवढे एकच बिल पाहून जा’ म्हणत कागद पुढे करी. त्यात वाईट हेतू नसे. समोर बसलेल्या माणसाला काम सांगितले जाते, इतकेच. शेवटी पिशवी उचलली की शेजारच्या टेबलावरून ‘आज बेगीन वता?’ (आज लवकर निघालात?) असा प्रश्न येई, आणि तो रोज नव्याने येई. पहिल्या आठवड्यात मी हसून वेळ मारून नेली, दुसऱ्या आठवड्यात मागच्या जिन्याने उतरू लागलो, तिसऱ्या आठवड्यात तीन-साडेतीनपर्यंत बसूनच राहिलो, कारण थांबणे हे उत्तर देण्यापेक्षा सोपे होते. जेवायला घरीच जायचे म्हणून डबा नेत नसे. एकदा साडेचारला घरी पोहोचलो तेव्हा झाकून ठेवलेल्या ताटातल्या हुमणावर, म्हणजे माशांच्या कालवणावर, साय धरली होती, आणि बायको काहीच बोलली नाही. अर्ध्या दिवसाची रजा मात्र रोज खात्यातून वजा होत होती.

शिवाय नैराश्यात अनेकांना सकाळच सर्वांत जड जाते. रात्रीच्या गोळीची गुंगीही तेव्हा पुरती उतरलेली नसते, आणि कचेरी आपल्याला मागते ती नेमकी सकाळच.

दिवसाआडच्या पद्धतीत हा त्रास एका झटक्यात संपला. मंगळवारी मी नसतोच, तेव्हा कोणी बिल पुढे करत नाही आणि कोणी विचारतही नाही. कामाच्या दिवशी सर्वांबरोबर येऊन सर्वांबरोबर निघायचे, डबाही त्यांच्यासोबतच उघडायचा. यात जी साधी बरोबरी आहे तिची किंमत मला तोवर कळली नव्हती. उणिवाही आहेत. पहिले काही दिवस दुपारी तीननंतर आकडे डोळ्यांपुढे विरघळू लागत. मधला मोकळा दिवस तर सरळ अंथरुणाकडे ओढतो. मी स्वतःला एकच अट घातली होती : पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू ऐकू आला की दारात जाऊन पाव मीच घ्यायचे आणि त्यानंतर पुन्हा आडवे व्हायचे नाही. ही अट तीनदा मोडली, पण बाकीचे दिवस निभावले. ज्यांच्या घरी दिवसा कोणीच नसते, त्यांनी या बाबीचा अधिक विचार करावा.

वरिष्ठांसाठी दोन-तीन गोष्टी. परतण्याची तारीख महिन्याच्या २० नंतरची द्यावी, कारण जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या धामधुमीत कोणालाही कोणाकडे पाहायला सवड नसते. सुरुवातीचे काम त्याच दिवशी हातावेगळे होणारे असावे. रोजची रोकड सोपवू नये. विभागाला वेळापत्रक कळवावे, रजेचे कारण मात्र कळवू नये. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातही कामास योग्य असल्याचे आणि किती तास काम करता येईल हे असले की पुरते. आणि माणूस टेबलावर दिसू लागला म्हणजे बरा झाला असे धरून त्याच्या औषधांवर शेरे मारू नयेत, कारण बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने तरी बहुधा चालू ठेवावी लागतात.

त्या सहकारी बाईंनी, माझे सगळे ऐकून घेऊनही, अर्धा दिवसच निवडला. मुलगा शाळेतून दुपारी घरी येतो, तेव्हा त्यांना रोज घरी असायचे होते. मी वाद घातला नाही. फक्त त्यांचे टेबल दाराजवळ हलवले आणि सव्वा वाजल्यापासून त्यांचा फोन माझ्या टेबलावर वळवण्याची सोय करून घेतली. त्या दीडला निघत. दुसऱ्या महिन्यात मात्र त्यांनीच येऊन विचारले की शनिवार पूर्ण सुट्टी आणि बुधवार पूर्ण दिवस असे करता येईल का.