एक्सपल्स २०० ४व्ही: जांबोटीच्या चिखलवाटांवर

जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या चिखलाच्या वाटांसाठी मी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल घेतली आणि तिचे २१ इंची पुढचे चाक ओल्या दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून ज्या सहजतेने पार होते, त्यावर मी मनापासून खूश आहे. मात्र नव्या गाडीची जुळवणी स्वतः तपासावी. बेळगावातील एका गॅरेजवाल्याने साखळी इतकी ताणून दिली होती की, मी सीटवर बसताच ती तारेसारखी कडक झाली. ती पुस्तिकेप्रमाणे सैल केली आणि उभे राहून चालवताना मनगट सरळ राहील इतके हँडल फिरवून घेतले. चिखलातून आल्यावर साखळी पुसून तेल देणे, एअर फिल्टर उघडून पाहणे आणि स्पोक एकेक दाबून तपासणे मी चुकवत नाही. टायर ट्यूबचे असल्याने हवेचा पंपही सोबत असतो.