बर्फाच्या टबात सुटलेलं लेबल

आमचं गाव वरुड तालुक्यातलं, मध्य प्रदेशची हद्द हाकेवर. जून २०२५ मध्ये राज्यानं भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. तेव्हापासून दुकानातले भाव ऐकूनच चढलेली उतरते. त्यात दिवाळीनंतर चुलतभावाची हळद आली आणि पाहुण्यांच्या 'सोयी'चं माझ्या गळ्यात पडलं.

ओळखीतला एक जण म्हणाला, "भाऊ, दुकानातलाच माल हाय, फक्त बिल नाई भेटत. खंब्यामागं दोनशे कमी." खंबा म्हणजे ७५० मिलीची बाटली. पेटीत बारा खंबे, म्हणजे चोवीसशे वाचले. लेबलवर 'फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी' असं ठळक छापलेलं. मी तेवढंच पाहिलं अन् पैसे मोजले.

मांडवातल्या पोरांनी बिअरसोबत खंबेही बर्फाच्या टबात टाकले. शुद्ध गावंढळपणा, पण त्यानंच वाचवलं. तासाभरात एका बाटलीचं लेबल पाण्यावर तरंगलं. खाली दुसरं लेबल, त्यावर इंग्रजीत 'मध्य प्रदेशातच विक्रीसाठी'. मग टॉर्च लावून बाकीच्या तपासल्या. वरच्या लेबलावरचा अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर बोटानं मोजला, तर तेराच आकडे. तो चौदा आकडी असतो. बाराही बाटल्यांवर बॅच नंबर एकच, ठीक आहे, एका पेटीत असू शकतो. पण तीन बाटल्यांच्या बुचाची कडी आधीच तुटलेली होती, बूच बिनआवाज फिरलं. आत काय भरलं होतं, देव जाणे. एकाही पाहुण्याला थेंब दिला नाही.

खरी गोम पुढंच. तक्रार करू म्हटलं तर काका भडकले, "पेटी कोणाच्या घरात हाय? तुह्याच ना?" महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा, परराज्यातला माल विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा. बिल नाही म्हणजे साक्षीदारही नाही. विकणाऱ्याचा फोन त्याच रात्री बंद. बाराही खंबे उकिरड्यावर ओतले.

त्यामुळं पेटी घ्यायची असल तर परवान्याच्या दुकानातून, बिलासकट. लेबलच्या कडेवर नख फिरवून पाहा, खाली जाड लागलं तर परत करा. आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देताना आम्ही आता लेबल खरवडून, बूच ठेचून देतो. धड लेबलाच्या बाटलीला तो दोन रुपये जास्त का देत होता, ते उशिरा कळलं.