मणक्याची इजा, लुळा हात: कुठल्या ऑपरेशनवर आशा ठेवावी?

माडावरून किंवा आंब्याच्या कलमावरून पडून मणका मोडलेला, नाहीतर हायवेवर बाईक घसरून एक हात लुळा पडलेला तरुण मुलगा कोकणात गावोगाव भेटतो. घरच्यांसमोर तीन नावं येतात: नस जोडणं, मणक्यातलं विजेचं यंत्र आणि स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी सोडणं. तिन्हींचं वजन सारखं नाही.

नस जोडण्याचं, म्हणजे नर्व्ह ट्रान्सफरचं ऑपरेशन आज आपल्याकडे होतं. चालू नसेचा एक धागा काढून बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडतात. कोपर वाकवण्यासाठीची फ्रेंच सर्जन ओबेरलिनची पद्धत 1994 पासूनची. 2019 मध्ये मेलबर्नच्या सर्जननी मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांवरही हेच केलं आणि अनेकांना हात सरळ करणं, वस्तू पकडणं जमू लागलं. पण नस दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते. तोवर स्नायू सुकत जातो. म्हणून हात लुळा असेल तर तीन ते सहा महिन्यांत ऑपरेशन व्हावं. वर्ष-दीड वर्षानंतर फायदा फार कमी. माझा सगळा जीव या एका मुद्द्यात अडकलाय, कारण 'पावसाळा सरू दे, मग बघू' म्हणण्यात नेमके हेच महिने जातात. या ऑपरेशनने पाय मात्र चालू होत नाहीत.

पायांसाठी आशा दाखवली ती स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या कुर्टीन आणि ब्लॉक यांच्या गटाने. मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून 2022 मध्ये त्यांनी पूर्ण लुळ्या तिघांना एका दिवसात आधाराने पावलं टाकायला लावली. हे खरं आहे आणि मोठं आहे. पण यंत्र चालू असतानाच, आणि नीट चालणं महिनोन्‌महिने सरावानंतर, अजून संशोधनाच्या चौकटीत. त्यासाठी आज जमीन विकू नका.

स्टेम सेलबद्दल स्पष्टच सांगते. जपानच्या केइओ विद्यापीठाने 2025 मध्ये चार रुग्णांचे निकाल सांगितले. दोघांत सुधारणा दिसली. पेशी मात्र इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत सोडल्या होत्या. तुमच्या मुलाला पडून तीन वर्षं झाली असतील, तर तो निकाल त्याला लागू होत नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मणक्यासाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, फक्त चाचणीचा विषय आहे, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखांचं पॅकेज सांगणाऱ्याकडे सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.

काहीही ठरवा, तोवर सांधे आखडू देऊ नका, पाठीला जखमा होऊ देऊ नका, लघवीची नळी स्वच्छ ठेवा. आखडलेल्या बोटांना नवी नस जोडूनही उपयोग होत नाही. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज जवळ, रत्नागिरीकडून मुंबई. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जाताना एमआरआय, ईएमजी (नसा-स्नायूंची तपासणी) आणि अपघाताची तारीख लिहिलेला कागद न्या, आणि पहिला प्रश्न विचारा: नस जोडायला अजून किती महिने हातात आहेत?