थर्ड लॅनार्क की ॲक्रिंग्टन स्टॅनली: शेवटचा हंगाम कुणाचा वाचावा?

ब्रिटनमधले जुने फुटबॉल क्लब पैशापायी कसे बुडाले, हे एकाच हंगामातून समजून घ्यायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: लँकेशायरचा ॲक्रिंग्टन स्टॅनली (1961-62) आणि ग्लासगोचा थर्ड लॅनार्क (1966-67). मी दोन्हींचा पिच्छा पुरवला आहे.

स्टॅनलीची गोष्ट पटकन पकड घेते, हे मान्यच करायला हवं. 2 मार्च 1962 ला क्रू अलेक्झांड्रा या क्लबकडून 4-0 अशी हार, काही दिवसांतच क्लबचं इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधून राजीनाम्याचं पत्र, मग मदतीची आश्वासनं आल्यावर ते मागे घ्यायची धडपड आणि लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांचा ठाम नकार. (1888 च्या लीग संस्थापकांतला ॲक्रिंग्टन तो वेगळा क्लब, गल्लत करू नका.)

माझं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. मला हंगाम गुणतक्ता समोर ठेवून आठवड्या-आठवड्याने वाचायची सवय. स्टॅनलीचे 33 सामने झाले होते, पण राजीनाम्यानंतर ते सगळे निकाल रद्द ठरले. चौथ्या विभागाच्या अंतिम तक्त्यात 23 च क्लब, समोरच्या संघांचे गुण-गोलही वजा. जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी स्टॅनली कितव्या स्थानावर होता, हे काढायचं तर सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. खेळाडू चिखलात नव्वद-नव्वद मिनिटं धावले, लोकांनी खिशातले पैसे मोजून तिकिटं काढली, आणि तक्त्यात त्याचा मागमूस नाही! हे मला फार सललं.

थर्ड लॅनार्कने हंगाम पुरा तरी केला. दुसऱ्या विभागात अकरावा. 1872 मध्ये स्वयंसेवक सैनिकांनी काढलेला, स्कॉटिश लीगच्या संस्थापकांतला, 1903-04 चा विजेता क्लब. 1960-61 मध्ये 34 सामन्यांत बरोबर 100 गोल मारून तो तिसरा आला होता. तिथून सहा वर्षांत ही गत: 25 एप्रिल 1967 ला घरच्या कॅथकिन पार्कवर क्वीन ऑफ द साउथशी 3-3 बरोबरी, बघायला 325 माणसं. तीन दिवसांनी डम्बार्टनकडून 5-1 हार, आणि खेळ खलास. अध्यक्ष बिल हिडलस्टन यांच्या कारभाराची पुढे सरकारी चौकशी झाली, त्यामुळे घसरण नुसत्या ऐकीव गोष्टींवर सोडावी लागत नाही.

शिवाय कॅथकिन पार्क आजही पाहता येतं. आता ती सार्वजनिक बाग आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्या तीन बाजूंनी शाबूत, गर्दी आवरायचे लोखंडी कठडे जागच्या जागी, पायऱ्यांच्या फटींतून वर आलेली झाडं चांगली उंच झालेली. तिथे उभं राहिल्यावर 325 हा आकडा किती केविलवाणा आहे ते मला उमगलं.

नाट्य हवं असेल तर स्टॅनली घ्या, त्यातही वावगं काही नाही. 1968 मध्ये त्याच नावाने नवा क्लब उभा राहिला आणि 2006 मध्ये लीगमध्ये आला. त्याच वर्षी बाहेर पडला ऑक्सफर्ड युनायटेड, ज्याला 1962 मध्ये स्टॅनलीची रिकामी जागा मिळाली होती. पण वेळ एकासाठीच असेल तर मी थर्ड लॅनार्क म्हणेन. सुरुवात मात्र 1960-61 पासून करा, थेट शेवटच्या हंगामावर उडी नको.