हायलक्ससाठी चाके: तुर्भ्यातील एका दुकानाचा अनुभव

टोयोटा हायलक्स या पिकअप गाडीसाठी अलॉय चाके पाहण्यास तुर्भ्यातील एका दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने प्रथम उणे ऑफसेटचा २० इंची झगझगीत संच पुढे केला. ऑफसेट म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि ते गाडीला जिथे टेकते ती बाजू यांतील अंतर; ते जितके कमी, तितके चाक बाहेर येते. एवढ्या मोठ्या चाकावर टायरची बाजू बुटकी राहते; परंतु घोडबंदर रस्त्याचे पावसाळी खड्डे ज्याने सोसले आहेत, तो टायरची उंच बाजू सहजासहजी सोडत नाही.

दुकानाची खरी जमेची बाजू म्हणजे तेथील फिटर. माझे मूळ चाक १८ इंची, ७.५ इंच रुंद आणि अधिक ३० ऑफसेटचे. १७ इंची, ८ इंच रुंद आणि अधिक २० ऑफसेटचे चाक घेतल्यास बाहेरची कड सुमारे १६ मिलिमीटर बाहेर येते, त्यांपैकी १० ऑफसेटमुळे आणि उरलेले रुंदीमुळे, हे त्याने कागदावर मांडून दाखवले. ऑफसेट शून्यावर नेल्यास बेअरिंगवरील ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो, हेही त्याने विक्रेत्यादेखत सांगितले. टायर २६५/६० आर १८ ऐवजी २६५/६५ आर १७ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि इंचांत चाकाचा व्यास) घेतल्याने एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहिला, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडला नाही. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला चाक घासत नाही, याची खात्रीही हाताने फिरवून करून दिली.

तक्रार एकच. सहा बोल्टांच्या वर्तुळाचे १३९.७ मिलिमीटरचे माप जुळले, तरी चाकाचे मधले छिद्र ११० मिलिमीटरचे आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो गाडीचा मधला भाग, १०६.१ चा; ही फट भरणाऱ्या मधल्या रिंगा दुकानात नव्हत्या. त्या आठवड्याने बसेपर्यंत ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत राहिले.