एफआयओएनरीड: गड्ड्याच्या जत्रेपासून आजपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं मोजणीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. मागावरची डबी आडव्या धाग्यांचा, म्हणजे पिकांचा, आकडा टीसीपी या नेटवर्क-जोडणीवरून ऑफिसातल्या लिनक्स मशीनला पाठवते. जानेवारीत, गड्ड्याच्या गर्दीत, मी एफआयओएनरीड हे प्रोग्राममधून लिनक्सला विचारायचं साधन वापरायला घेतलं. सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या आपल्या टोकावर, न वाचलेले किती बाइट पडलेत, एवढंच ते सांगतं.

आकड्याबद्दल तक्रार नाही. घरी दोन सॉकेट जोडून पाहिलं: दहा बाइट टाकले, १० आले, चार वाचले, ६ उरले. एमएसजी_पीकने डोकावलं तरी ६च, कारण डोकावल्याने डेटा रांगेतून हलत नाही. यूडीपीत, म्हणजे सुटी पाकिटं पाठवायच्या पद्धतीत, मात्र लिनक्स फक्त पहिल्या पाकिटाचा आकार सांगतो, मागे कितीही ढीग असो.

घोळ केला तो मी, शून्याचा. दर मिनिटाला विचारायचं आणि शून्य आलं की स्क्रीनवर 'माग बंद'. पहिल्याच आठवड्यात मुकादम तणतणत मागापाशी गेले, तर कामगार म्हणतो, "ओ मुकादम, माग चालूच हाय की!" डबीने जोडणी बंद केली होती. नुसती शांतता असली तरी शून्य, समोरच्याने जोडणी तोडली तरी शून्य. फरक कळतो तो पोलमध्ये, म्हणजे कोणती जोडणी वाचायला तयार आहे हे लिनक्सला विचारलं की: तुटलेली जोडणी 'वाचायला तयार' दिसते आणि वाचायला जावं तर शून्य बाइट हाती येतात. शांत जोडणी तयार दिसतच नाही.

लाइट गेली की याचाही उपयोग नाही. मेलेली डबी निरोप कुठून देणार? कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का ही टीसीपीची स्वतःची तपासणी, लावलं, तर त्याची मूळ सेटिंग ७२०० सेकंदांची. दोन तासांत इथे पाळीतला चहा होऊन जातो. शेवटी स्वतःचा तीस सेकंदांचा टायमर लावला.

पैसे वसूल झाले ते उन्हाळ्यात. सगळ्या जोडण्यांवर आकडा चढतच चालला. मालक वायरिंगवाल्याला बोलवायला निघाले होते. पण बाइट आमच्या मशीनपर्यंत पोचलेत आणि वाचायला कोणी नाही, असंच तो आकडा सांगत होता. जोडण्यांची यादी दाखवणाऱ्या एसएस कमांडच्या रिसीव्ह-क्यूमध्येही, म्हणजे न वाचलेल्या बाइटांच्या रकान्यातही, तेच दिसलं. डिस्क भरली होती आणि माझा प्रोग्राम लिहिताना अडकला होता.

आता 'माग बंद' ठरवण्यातून एफआयओएनरीड काढलंय, फक्त नोंदवहीत ठेवलंय. पुढे टीएलएस, म्हणजे डेटा कुलूपबंद करून पाठवायची सोय, लावायचंय. तेव्हा हा आकडा कुलूपबंद बाइटांचा असेल. म्हणजे चाचण्या पुन्हा पहिल्यापासून.